कझानलाकच्या घुमटातलं जोडपं

दृश्य – ड्रोनवरून दरी, लांबवर डोंगर, खाली गुलाबाची शेतं

हे बल्गेरिया. देशाच्या साधारण मधोमध, उत्तरेला बाल्कन पर्वत, दक्षिणेला स्रेदना गोरा नावाची बुटकी डोंगररांग आणि मधल्या दरीत हे कझानलाक शहर. जगभर या दरीची ओळख गुलाबामुळे, मे महिन्यात पहाटे अंधारातच बायका फुलं तोडायला उतरतात कारण ऊन चढलं की फुलातलं तेल कमी होतं, आणि त्या तेलाला अत्तरवाल्यांकडे काय भाव आहे ते तुम्हाला माहीतच असेल. गुलाबाचे शॉट्स आमच्याकडे भरपूर आहेत, मोह होतोय सगळे लावायचा, पण आपण त्यासाठी आलेलो नाही.

कॅमेरा थोडा खाली येऊ दे. शेतांच्या मधे हे हिरवे उंचवटे दिसतायत ना, टेकड्या वाटतात. त्यातले खूपसे टेकड्या नाहीतच, माणसांनी टोपल्या-टोपल्यांनी माती ओतून केलेले ढिगारे आहेत आणि आत थडगी. एकदोन नाही, या दरीत असे शेकडो आहेत, म्हणून पुरातत्त्वज्ञ गिओर्गी कितोव्ह यांनी या भागाला थ्रेशियन राजांची दरी असं नाव दिलं आणि आता पर्यटनाच्या पाट्यांवरही तेच असतं.

दृश्य – पाटी, रस्त्याकडेचा ढिगारा, वर चरणारी मेंढरं

थ्रेशियन म्हणजे कोण? स्पार्टाकस ऐकलाय ना, रोमविरुद्ध बंड करणारा ग्लॅडिएटर, तो थ्रेशियन. ग्रीक कथांमधला ऑर्फियस, वीणेवर गाऊन जनावरांनाही थांबवणारा, तोही थ्रेसचाच म्हणतात. आजचा बल्गेरिया, ग्रीसचा ईशान्य भाग, तुर्कस्तानचा युरोपातला तुकडा, एवढ्या पट्ट्यात हे लोक राहायचे. घोडे, सोनं, दारू आणि आपसातली भांडणं यासाठी प्रसिद्ध. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने तर लिहून ठेवलंय की जगात भारतीयांच्या खालोखाल सगळ्यात मोठी लोकसंख्या थ्रेशियनांची, आणि हे एका राजाखाली एकत्र आले असते तर यांना कोणी हरवू शकलं नसतं. आले नाहीत. आता हेरोडोटसला भारताची लोकसंख्या कोणी मोजून दिली होती ते विचारू नका, पण आपलं नाव त्या वाक्यात आहे म्हणून सांगितलं.

त्यांची स्वतःची अशी लिपी नव्हती, लिहायची वेळ आली की ग्रीक अक्षरं वापरायचे, तेही थोडकंच. त्यामुळे त्यांच्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक ग्रीकांनी लिहिलेलं, आणि ग्रीक म्हणायचे हे रानटी. बरं. रानटी लोकांनी काय केलंय ते आता बघू.

दृश्य – तुल्बे टेकडीच्या पायऱ्या, झाडं, वरची संरक्षक इमारत

ही तुल्बे टेकडी, शहराला अगदी लागून. 1944 साली दुसरं महायुद्ध चालू होतं, बल्गेरिया जर्मनीच्या बाजूने होता आणि दोस्तांची विमानं येऊन सोफियावर बॉम्ब टाकून जात होती. त्या धामधुमीत एप्रिलमध्ये इथे सैनिक खोदकाम करत होते, विमानहल्ल्यापासून बचावासाठी, आणि खोदता खोदता त्यांना विटांचं बांधकाम लागलं. फावडी थांबली. आत एक अरुंद वाट, वाटेच्या टोकाला गोल खोली, आणि खोलीच्या भिंतींवर माणसं. रंगीत माणसं, जवळजवळ 2300 वर्षांपूर्वीची.

सामान फारसं नव्हतं, कारण चोर फार पूर्वीच येऊन गेले होते, बहुधा प्राचीन काळातच. त्यांनी सोनंनाणं नेलं असणार. भिंत नेता आली नाही.

दृश्य – प्रतिकृतीच्या दारातून आत, कॅमेरा हातात, हळू

आता इथून पुढे तुम्ही जे बघताय ते मूळ थडगं नाही, आधीच सांगतो, खाली कमेंटमध्ये येण्याआधी. ही प्रतिकृती आहे, मूळ थडग्याच्या शेजारीच 1974 साली बांधलेली, मापं तीच, चित्रं तीच. मूळ थडगं त्या बंद इमारतीत आहे, आतली हवा, ओल, तापमान यंत्राने सांभाळलेलं. का, ते पुढे येईलच.

आधी दगडाची छोटी खोली लागते. ओबडधोबड, चित्रं वगैरे काही नाही, पटकन पुढे जाऊ.

मग ही वाट. जेमतेम दोन मीटर लांब आणि रुंदी एक मीटरच्या थोडी वर, म्हणजे दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहिली की खांद्याला खांदा. दोन्ही बाजूंच्या भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकत जातात आणि छप्पर त्रिकोणी होतं. वर बघा, लढाई दिसतेय. दोन सैन्यं समोरासमोर, कोणी पायी, कोणी घोड्यावर, भाले, ढाली, मधे दोघे एकमेकांवर धावून जातायत. खाली वेलबुट्टी. ही लढाई नेमकी कुठली यावर अभ्यासकांचे वाद आहेत, मेलेल्या माणसाच्या आयुष्यातला पराक्रम असेल असं बरेच जण म्हणतात आणि ते पटतंही. राजाच्या थडग्यात दुसऱ्याच्या पराक्रमाचं चित्र कोण काढेल.

दृश्य – वाटेतून गोल खोलीत, कॅमेरा वर फिरतो, घुमटाचा टोकापर्यंतचा शॉट

आणि ही खोली.

व्यास 2.65 मीटर. उंची सव्वातीन मीटरच्या आसपास. एवढंच. आपल्याकडच्या फ्लॅटमधली लहान बेडरूम याच्यापेक्षा मोठी असते. फोटोत बघून सगळ्यांना वाटतं केवढा तरी मोठा हॉल असेल, कारण चित्रातली माणसं तशी ऐसपैस बसलीयत, पण प्रत्यक्षात त्या आकृत्या लहान आहेत आणि तुम्ही खोलीच्या मधे उभे राहिलात की सगळा सोहळा तुमच्या भोवती, हाताच्या अंतरावर.

बांधकाम बघा आधी, कारण चित्राचं अर्धं डोकं बांधकामात आहे. थ्रेशियन थडगी बहुतेक दगडाची असतात, इथे मात्र भाजलेल्या विटा आहेत, या भागात सापडलेल्या काही थोड्या थडग्यांचं हे वैशिष्ट्य. गोल भिंत उचलायची, मग वर जाताना प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडासा आत सरकवायचा, परत थोडासा आत, परत थोडासा, असं करत करत वर तोंड लहान होत जातं आणि शेवटी राहिलेल्या भोकावर एक दगड बसवला की झालं. खरी कमान नाही ही, तिच्यासारखा जोर एकमेकांवर टाकून उभी नाही, आत सरकवलेल्या थरांना बाहेरची माती दाबून धरते. आकार तयार होतो तो घंटेच्या आतल्या बाजूसारखा. मग आतून गिलावा, गुळगुळीत घोटलेला, आणि त्या गिलाव्यावर चित्र.

आता तुम्ही चित्रकार आहात असं धरा. सपाट भिंत कुठेच नाही. भिंत गोल आहे ते ठीक, पण वर जाताना ती तुमच्या अंगावर येतेय. खाली परीघ मोठा, वर लहान. खाली सरळ उभा काढलेला माणूस वर सरकवला तर तो पुढे पडल्यासारखा दिसेल. प्रकाश म्हणजे दिवा, त्याची काजळी होणार. आणि आत तुम्ही, तुमचा मदतनीस, रंगाची भांडी, चढायला काहीतरी, सगळं त्या अडीच मीटरच्या गोलात.

दृश्य – खालपासून वरपर्यंत हळू चढणारा शॉट, पट्ट्या स्पष्ट

त्याने काय केलं बघा. भिंतीचे आडवे पट्टे पाडले. तळाला काळा, मग पांढरा, मग रुंद लाल, संगमरवराच्या फरशा लावल्यात असं वाटावं असे. म्हणजे जिथे माणसाची नजर सहज जाते तिथे त्याने चित्र काढलंच नाही, शांत ठेवलं. त्याच्या वर एक नक्षीची पट्टी, बैलाचं मुंडकं, मग फूल, परत मुंडकं, परत फूल. आणि तिच्या वर, जिथे भिंत आत झुकायला लागते, तिथे मुख्य चित्र, खोलीभर गोल फिरणारं. त्याच्याही वर आणखी एक पट्टी, आणि अगदी शेवटी, टोकाच्या दगडाभोवती, तीन रथ धावतायत.

रंग किती? मुख्य चारच. काळा, लाल, पिवळा, पांढरा. गेरू, पिवडी, काजळी आणि चुना, या जातीचे रंग. त्या काळात ग्रीसमधले मोठमोठे चित्रकारही चार रंगांवर काम करायचे असं जुन्या रोमन लेखकांनी लिहिलंय, पण त्यांची चित्रं आज बघायला कुठे आहेत, जवळजवळ सगळी गेली. लाकडावरची कुजली, भिंतीवरची भिंतींसकट पडली. म्हणून त्या काळची चित्रकला कशी होती हे बघायला अभ्यासकांना थडग्यात उतरावं लागतं, ग्रीसमधल्या व्हर्जिनाच्या नाहीतर इथल्या. ज्यांना रानटी म्हटलं त्यांच्या मातीखाली हे टिकलं, ही गंमत मला तरी फार आवडते.

फ्रेस्को आणि टेम्पेरा दोन्ही पद्धती इथे आहेत असं संशोधक सांगतात, म्हणजे गिलावा ओला असताना रंग लावला की तो चुन्याबरोबर घट्ट होतो, भिंतीचाच भाग होतो, आणि बारीक काम नंतर सुक्यावर. ओल्या गिलाव्याला घड्याळ असतं. तो वाळायच्या आत हात चालला पाहिजे, चुकलं तर खरवडून परत. आणि इथे तर झुकत्या भिंतीवर, मान मागे टाकून.

दृश्य – मुख्य चित्र, डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश. इथे निवेदन थांबवून थोडा वेळ संगीत

घोडे बघा. यांच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ ठेवलाय एडिटमध्ये, मुद्दामच. चार घोड्यांचा रथ, आणि पलीकडे सेवकांनी धरलेले घोडे. एकाने मान वळवलीय, दुसरा अस्वस्थ आहे, पाय एका जागी ठरत नाहीत, सेवक त्याला आवरतोय. थ्रेशियन माणसाला घोडा म्हणजे काय होता ते या पायांकडे बघून कळतं. अंगावर एका बाजूला उजेड, एका बाजूला गडद, त्यामुळे पोटाचा गोलपणा दिसतो. नुसती रेघ मारून आत रंग भरलेला नाही.

मग माणसं येतात. दोन्हीकडून मिरवणूक निघालीय आणि मधे जाऊन मिळतेय. दोन बायका लांब कर्णे वाजवतायत. दासी आहेत, एकीकडे दागिन्यांची पेटी, एकीकडे वस्त्र. पेय ओतणारा सेवक आहे. आणि ही उंच बाई, हातात फळांचं ताट, त्यात डाळिंबं. हिच्यावर बरीच चर्चा झालीय. कोणी म्हणतं ही दासी नाही, देवी आहे, कारण डाळिंब म्हणजे पाताळाची राणी पर्सेफोनी आलीच, ग्रीक कथेत तिने पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले आणि तिला तिथे परत परत जावं लागलं. असेलही देवी. चालते तर घरच्या बाईसारखी, ताट सांभाळत.

आणि मधे हे दोघं.

दृश्य – जोडप्याचा क्लोजअप. चेहरे, मग हात

तो बसलाय, डोक्यावर पानांचा मुकुट, समोर टेबल, टेबलावर खायचे पदार्थ. रंग उन्हात रापलेला. ती शेजारी सिंहासनासारख्या नक्षीच्या खुर्चीत, डोक्यावरून वस्त्र घेतलेलं, चेहरा फिका, मान खाली. पुरुष गडद आणि बायका फिक्या रंगवायची तेव्हा पद्धतच होती, पण इथे तो फरक नुसता पद्धतीचा वाटत नाही. आणि हात बघा. दोघांनी एकमेकांचं मनगट धरलंय. घट्ट नाही, हळूच.

हे काय चाललंय याची उत्तरं अनेक. मेलेल्याची शेवटची मेजवानी. लग्न. देव झालेल्या राजाचा पाताळातला सोहळा. हेरोडोटस सांगतो की थ्रेशियन श्रीमंत माणूस गेला की प्रेत तीन दिवस ठेवायचे, रडायचे, मग जनावरं कापून जेवणावळ घालायचे, मग पुरायचे किंवा जाळायचे, वर मातीचा ढीग आणि त्याच्याभोवती खेळांच्या शर्यती. आता वर टोकाकडे बघा, ते तीन रथ आठवले? जेवण खाली, शर्यत वर, ढीग आपल्या डोक्यावर. हेरोडोटसचा उतारा हातात घेऊन चित्रं काढल्यासारखं जुळतं, आणि म्हणूनच मला जपून राहावंसं वाटतं, कारण तो या थडग्याच्या शंभरेक वर्षं आधीचा माणूस.

त्यानेच दुसऱ्या एका जमातीबद्दल लिहिलंय की नवरा मेला की त्याच्या बायकांमध्ये चढाओढ लागायची, कोणावर त्याचं जास्त प्रेम होतं यावर, आणि जी जिंकेल तिला मारून त्याच्याबरोबर पुरायचे. त्यावरून काही जण म्हणतात की ही मान खाली घातलेली बाई त्याच्याबरोबर जायला निघालीय. तसं असेल तर हे सगळं चित्र वेगळंच दिसायला लागतं, ती पेटी, ते वस्त्र, तो रथ. यावर मी बोलत नाही, परत एकदा हातांचा शॉट देतो.

दृश्य – हात. सात सेकंद, आवाज नाही

दृश्य – कोप्रिंका जलाशय, बोट, पाण्यावर ऊन

आता जरा बाहेर. शहरापासून जवळच हे कोप्रिंका धरण, आणि या पाण्याखाली शहर आहे. सेउथेस तिसरा नावाचा थ्रेशियन राजा होता, अलेक्झांडर मेल्यावर थ्रेस ज्याच्या वाट्याला आला त्या लिसिमॅकसशी लढलेला. त्याने इथे स्वतःच्या नावाची राजधानी बांधली, सेउथोपोलिस. काटकोनात कापणारे रस्ते, तटबंदी, आत राजवाडा, ग्रीक भाषेतले शिलालेख. कझानलाकच्या थडग्यातला माणूस याच दरबारातला, राजघराण्यातला किंवा बडा सरदार, असं मानतात. 1948 मध्ये धरणाचं काम चालू असताना हे शहर सापडलं, काही वर्षं उत्खनन झालं, मग धरण भरलं आणि शहर बुडालं. पाण्यात गोल भिंत घालून ते परत उघडं करायची एक योजना पुढे एका आर्किटेक्टने मांडली, कागदावर सुंदर दिसते.

दृश्य – गोल्यामा कोस्मात्का, लांब दगडी वाट, मग संग्रहालयातलं ब्राँझचं मस्तक

हे सेउथेसचं स्वतःचं थडगं, 2004 मध्ये कितोव्ह यांच्या टीमला सापडलं. इथे चोर पोचले नव्हते. सोन्याचा पानांचा मुकुट, सेउथेसचं नाव कोरलेलं शिरस्त्राण, आणि हे मस्तक. डोळे बघा, दगड आणि काचेचे, पापण्यांचे केस तांब्याच्या पट्टीचे. कितोव्ह ढिगारे उघडायला मोठी यंत्रं लावायचे म्हणून त्यांच्यावर टीकाही खूप झाली. पण चित्रं या थडग्यात नाहीत, आणि आपला विषय चित्रांचा आहे.

दृश्य – अलेक्सांद्रोवो, संग्रहालयाची इमारत, आत शिकारीची चित्रं

तर हे अलेक्सांद्रोवो, दक्षिणेला हास्कोवो शहराजवळ. 2000 साली कितोव्ह यांनाच मिळालेलं. इथे मेजवानीही आहे पण घुमट गाजवते ती शिकार. रानडुक्कर, हरीण, कुत्रे, घोडेस्वार, आणि एक उघडा माणूस दुधारी कुऱ्हाड उगारून डुकरासमोर उभा. कझानलाकच्या चित्रकारापेक्षा हा हात राकट आहे, घाईचा आहे, पण धावतं जनावर काढावं तर असं. आणि इथे भिंतीवर एक नाव ओरखडलंय, ग्रीक अक्षरात, कोझिमासेस, शेजारी एका पुरुषाच्या चेहऱ्याची बाह्यरेषा. चित्रकाराची सही? का थडग्याच्या मालकाचं नाव? दोन्ही मतं आहेत. मी आपला चित्रकाराच्या बाजूने.

इथेही तेच केलंय बरं का. मूळ थडगं बंद, आणि शेजारी जपानच्या मदतीने संग्रहालय आणि पूर्ण मापाची प्रतिकृती, 2009 पासून लोकांसाठी खुली.

दृश्य – परत तुल्बे टेकडी, बंद दार, शेजारी प्रतिकृतीसमोर शाळेच्या मुलांची रांग

लोक नाराज होतात, एवढ्या लांब आलो आणि कॉपी दाखवली. मी म्हणतो हे बल्गेरियाने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. हिशोब साधा आहे. ते चित्र दोन हजारांवर वर्षं टिकलं कारण आत अंधार होता, हवा हलत नव्हती, ओल एकसारखी होती. दार उघडलं की हे सगळं संपतं. माणूस आत आला की श्वासातून वाफ येते, अंगातून उष्णता येते, बुटाबरोबर धूळ आणि बुरशीचे कण येतात, वाफ गार भिंतीवर बसते, चुन्यातले क्षार विरघळतात, पाणी उडालं की क्षार पृष्ठभागावर येऊन फुलतात आणि रंगाचा पापुद्रा ढकलतात. एवढ्याशा खोलीत दहा माणसं दहा मिनिटं उभी राहिली तर किती वाफ होईल. आणि ही दहा गेली की बाहेर पुढची दहा उभी आहेतच.

1979 मध्ये युनेस्कोने कझानलाकला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हा बल्गेरियाचं सांस्कृतिक खातं ल्युदमिला झिवकोवाकडे होतं, तिथल्या कम्युनिस्ट नेत्याची मुलगी, या थडग्यावर पुस्तक लिहिलेली, आणि भारतीय तत्त्वज्ञानाची मोठी चाहती. तिच्यावर वेगळा व्हिडिओ होईल. पण प्रतिकृती त्याच्याही आधी पाच वर्षं उभी होती, म्हणजे यादीत नाव यायची वाट न बघता भिंत वाचवायचं काम सुरू झालं होतं.

दृश्य – प्रतिकृतीच्या आत मुलं, सगळ्यांच्या माना वर

ही मुलं बघा, कोणी सांगितलं नाही तरी आपोआप वर बघतायत. तीन रथ गोल गोल फिरतायत, शर्यतीत पहिला कोण ते ठरतच नाही कारण गोलात पुढे आणि मागे नसतं, चित्रकाराने हे ओळखूनच तिथे शर्यत ठेवली असणार.

जायचं असेल तर सोफियापासून अंतर साधारण 200 किलोमीटर, गाडीने तीनेक तासात पोचता. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास गेलात तर गुलाबाचा उत्सव मिळेल आणि गर्दीही. प्रतिकृतीचं तिकीट काढा, आत फ्लॅश मारू नका असं कोणी म्हणालं तर कॉपी आहे म्हणून वाद घालू नका, आणि बाकी लोक बाहेर पडेपर्यंत थांबा, रिकाम्या खोलीत चार मिनिटं मिळाली तर ती हातांसाठी ठेवा. नंतर शहरातलं इतिहास संग्रहालय, आणि वेळ उरला तर गोल्यामा कोस्मात्का. बंद दारासमोर फोटो काढायला हरकत नाही, ते उघडायला मात्र कोणाला सांगू नका.